घरमालकांचं टेनिस

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकही गोष्ट गंमत म्हणून केली नसावी. नालवाडीतल्या त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको काही वर्षं भाड्यानं राहिलो. नव्वदच्या दशकाची ती अखेर होती. वर्ध्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. लग्नाच्या बस्त्याला आलेल्या मंडळींसमोर ते शालू असा उलगडत, की जणू कोर्टात पुरावा सादर होतोय. आंबा खातानाही त्यांच्या कपाळावरची आठी हलत नसे. त्यामुळे मस्कतला असलेली त्यांची मुलगी एका उन्हाळ्यात हातात मावणारा व्हिडिओ गेम घेऊन आली आणि जाताना "बाबा, वेळ जाईल तुमचा" म्हणत तो ठेवून गेली, तेव्हा तो कपाटात जाणार याबद्दल आम्हाला शंका नव्हती. पण मुलीनं दिलेली वस्तू ही त्यांच्या दृष्टीनं जबाबदारी होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती पार पाडायला घेतली.

त्यात एकच खेळ होता, टेनिसचा. करड्या पडद्यावर मुंगीएवढे दोन खेळाडू. डाव्या अंगठ्यानं आपला खेळाडू पळवायचा, उजव्या अंगठ्यानं चेंडू मारायचा. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून दुकानातून जेवायला आले की ते ओट्यावर खुर्ची टाकत आणि ऊन सरकेल तशी ती सरकवत. चप्पल काढून, हात धुऊन, टोपी नीट करून मगच खेळायला बसत. गुणांची पद्धत त्यांना मुळीच मान्य नव्हती. एकदा त्यांनी मला मुद्दाम बोलावून विचारलं, "पंधरा झाले, तीस झाले, मंग चाळीस काऊन? पंचेचाळीस पायजे. मधातले पाच कोणं खाल्ले?" मी टेनिसचे नियम आठवू लागलो. ते म्हणाले, "तुमी तर कॉलेजात शिकवता!" पुढे आठवडाभर ते माझ्याशी जरा जपूनच बोलत होते. समोरचा खेळाडू चेंडूमागे झेपावून पडला, की हे मारायचं थांबत. "पडलेल्या माणसावर काय मारायचं? उठू द्या त्याले." यंत्राला ही सभ्यता कळत नसे. गुण त्यालाच मिळे, आणि घरमालक चष्मा पुसून पुढच्या डावाला बसत.

काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हे सारं दाराआडून दिसे. त्या दोघांना आम्ही कधी शेजारी बसलेलं पाहिलं नव्हतं. ते ओट्यावर असले की काकू उंबऱ्याच्या आत. बोलणंही मोजकंच; पान वाढलं, दुकानाची किल्ली कुठे, एवढंच. मग एका सकाळी काकू अंगणात रांगोळी काढता काढता कोसळल्या. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. व्यायाम शिकवायला बाई येत, पण काकू हात धरू देत नसत. जेवणही दोन घासांवर आलं. डॉक्टरांनी घरमालकांना बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांची स्वतःची इच्छा नसेल तर आम्ही काही करू शकत नाही."

घरमालकांनी दुकान नोकरांवर सोडलं. खाट खिडकीपाशी ओढली आणि तिच्याजवळ बसून राहिले. काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं. मला वाटतं, इतक्या वर्षांत ते शिकायचं राहूनच गेलं होतं. शेवटी त्यांनी खेळ काढला. माझी बायको वरण-भात घेऊन गेली होती, तिच्यासमोरच हे घडलं. काकूंची मान कधीतरी पडद्याकडे वळली होती; चेंडू घरमालकांच्या खेळाडूच्या डोक्यावरून चालला आणि खाटेवरून वाकडा, ओला आवाज आला, "मांगं."

घरमालक थिजले. "काय म्हनलं?"

"मांगं सरा ना!"

आजारानंतरचे काकूंचे ते पहिले शब्द. घरमालकांनी त्यांना उशीला टेकवून बसवलं, उजवीकडे खेटून बसले आणि खेळाची डावी बाजू त्यांच्या हाती दिली. म्हणाले, "तू पळव. मी मारतो."

त्यानंतर त्या घरात भांडणं सुरू झाली. आमच्या खोलीपर्यंत ऐकू यायचं. "चेंडू इकडं, तू तिकडं काऊन पळून राह्यली?" "तुमीच उशिरा मारला!" सुरुवातीला काकूंचा अर्धाच शब्द बाहेर पडे, पण ऐकून घेणं अशक्य झालं की त्या उरलेला अर्धाही ओढून आणत. एकदा समोरचा खेळाडू पडला आणि घरमालक सवयीनं थांबले, तर काकू ओरडल्या, "मारा! त्याची बायको हाय ना त्याले पाहाले!" घरमालकांनी मारला. तो डाव त्यांनी जिंकला. त्या संध्याकाळी काकू व्यायामाच्या बाईंना आपणहून म्हणाल्या, "हात धरा."

महिने गेले. एका दुपारी मी भाडं द्यायला गेलो होतो. खेळ ऐन रंगात, आणि दारात गॅस सिलिंडरवाला. घरमालक नाइलाजानं उठून बाहेर आले. सिलिंडर आत घेता घेता त्यांनी मागे पाहिलं आणि तिथेच थांबले. काकूंनी खेळ मांडीवर ठेवला होता. उजवा हात त्यावर आणून टाकलेला, आणि अंगठा जडपणे, एका लयीत बटण दाबत होता. चेंडू जात होता, येत होता. सिलिंडरवाला नोंदीसाठी गॅसचं पुस्तक मागू लागला, तशी घरमालकांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. पॉइंट चालू हाय." त्यांचा चेहरा नेहमीसारखाच गंभीर होता, फक्त डोळे भरले होते.

काकू हळूहळू चालू लागल्या. घरमालक दुकानात जाऊ लागले. आता दुपारी काकू एकट्याच खेळत आणि सरळ जिंकत. मी एकदा म्हटलं, "काका, हल्ली तुमचा खेळ बंद?" ते दूरच्या खुर्चीवर पेपर धरून होते. "तिले आता माही गरज नाई," म्हणाले. आवाजात अभिमान होता, पण पेपराचं पान काही उलटत नव्हतं.

माझी बदली झाली. सामान बांधताना मी अंगणाकडच्या खिडकीतून सहज पाहिलं. काकू ओट्यावर खेळत होत्या. घरमालक दुकानातून आले, खांबाशी रेंगाळले. काकूंनी मान वर केली नाही, फक्त थोडं सरकून जागा केली. त्यांनी अंगणाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं; कुणी नव्हतं. मग माझ्या खिडकीकडे पाहणार, तेवढ्यात मी आत सरकलो.