ताईच्या गालावरचा तीळ

छापखान्यात त्याला सगळे 'काळेहात' म्हणायचे. तांब्याच्या पत्र्यावर सुईने काढलेलं, आम्लाने कोरलं गेलेलं चित्र कागदावर उतरवून द्यायचं, हा त्याचा धंदा. पत्र्याला शाई फासायची आणि तळहाताने पुसत आणायची. जिथे जास्त पुसलं तिथे उजेड, जिथे हात आखडला तिथे सावली. शाई नखांतून काही केल्या जायची नाही. थोरल्या बहिणीच्या घरी गेला की ती दारातच तपासणी करायची, "हात काळे आहेत, तोंड नाही. ये आत."

ती ताई साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. मागे एक धड फोटोही नाही. कॅमेरा दिसला की मान फिरवायची.

भाऊजी चित्रकार. त्यांची चित्रं भल्याभल्यांना कळायची नाहीत. पाण्यात उतरणारे जिने, माणसाला सोडून चाललेल्या सावल्या. अर्थ विचारला तर म्हणायचे, "सांगता आला असता तर पत्रा कशाला खराब केला असता?" ताई गेल्यावर ते बरेच दिवस सुईला शिवले नाहीत. मग एका सकाळी फडक्यात गुंडाळलेला पत्रा घेऊन आले. "तूच काढ. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस."

पत्र्यावर ताई होती. उंबऱ्यात दिवा धरून उभी, मागे भिंतभर तिची सावली, आणि सावलीच्या हातात मात्र दिवा नाही. डाव्या गालावरचा तीळसुद्धा जागच्या जागी. काळेहाताने त्या गालावरची शाई अगदी हलक्या हाताने पुसली. लहानपणी ती त्याचं तोंड खसाखसा पुसायची, त्याची ही परतफेड म्हणा.

दाबयंत्राचं चाक फिरवून त्याने ओला कागद उचलला. ताई उमटली होती, पण तीळ उजव्या गालावर.

छापात चित्र उलटं येतं हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. भाऊजी जन्मभर पत्र्यावर सगळं उलटं काढत आले, सहीसुद्धा. बायकोच्या वेळी मात्र विसरले. जशी आठवली तशी, सरळ काढली. आणि समोर ताई ताईसारखी दिसल्यावर काळेहाताच्याही ते ध्यानात आलं नाही.

"ही ती नाही," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी पत्रा खरवडायचं पातं उचललं.

पातं फिरलं की ताईचा खरा चेहरा कुठेच उरणार नव्हता. काळेहाताने पत्र्यावर हात ठेवला.

"भाऊजी, आरशासमोर केस विंचरताना ताईला ती कशी दिसत असेल?"

दुसऱ्या हाताने त्याने ओला छाप पुढे केला.

"तीळ याच बाजूला दिसायचा तिला. आपण बघायचो ती ताई पत्र्यावर आहे. ही तिने बघितलेली."

भाऊजींनी पातं खाली ठेवलं. ताई गेल्यावर न रडलेला तो माणूस तिथे स्टुलावर बसून रडला. काळेहाताने पाठीवरून हात फिरवला, आणि पांढऱ्या सदऱ्यावर पाची बोटं उमटली. ते बघून दोघांनाही हसू आलं. ताईने दोघांनाही फैलावर घेतलं असतं.

पुढच्या वेळी काळेहात भाऊजींच्या घरी गेला, तर भाऊजींनी तो छाप दाढीच्या आरशासमोरच्या भिंतीवर लावलेला. ते दाढी करत होते. आरशात त्यांच्या खांद्यामागे ताई दिवा धरून उभी होती, तीळ डाव्या गालावर. काळेहात दारातच थांबला, सवयीने हात पुढे करून.

"ये आत," भाऊजी म्हणाले.