नानांच्या खुंटीवरचा कॅमेरा

माझे सासरे मला कधी नावाने हाक मारत नसत. ते मला येडपट म्हणत.

लग्नात मी अंतरपाटाच्या चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, तिथे ही पदवी लागली ती लागलीच. "सुनी, तुना येडपटले च्या दे," असं ते माझ्या तोंडावर माझ्या बायकोला, सुनंदाला, सांगत. धुळ्याला ऑफिसात लोक मला साहेब म्हणतात (दोघेच म्हणतात, पण म्हणतात!). भडगावला एस.टी.तून पाय खाली ठेवला की मी येडपट. अर्थात नाना जगालाच येडपट म्हणायचे, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही. थोडं घेतलं.

ते नाना गेल्या हिवाळ्यात गेले. मधल्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट होती, तिथे बसून ते रस्त्यावर लक्ष ठेवत. त्या दिवशी कुणाचं तरी बकरू ओट्यावर चढलं. नाना ओरडले, "ए येडपट!" आणि मागे रेलले. बकरूवाला बिचारा पुढच्या शिव्यांची वाट बघत उभा राहिला. शिव्या येईनात, तेव्हा तोच घाबरून आत पळत आला. तोवर सगळं संपलं होतं.

मी रडलो. खरं सांगतो, ढसाढसा रडलो. माणूस पंधरा-वीस वर्षं येडपट म्हणतो आणि एकदम म्हणेनासा होतो, तेव्हा काय करायचं ते सुचत नाही.

पण रडायलाही निवांतपणा हवा. नानांच्या अस्थी गिरणा नदीत सोडून आलो नाही तोच माझ्या मेव्हण्यांनी, म्हणजे नानांच्या एकुलत्या एक मुलाने, भाऊंनी, जाहीर केलं, "दहावं झालं की घराला कुलूप. अक्का सहा महिने माझ्याकडे जळगावला आणि सहा महिने सुनंदाकडे धुळ्याला."

माझ्या सासूबाई, अक्का, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी आठेच रहासू. मना घर शे." (अहिराणीत आठे म्हणजे इथे.)

"अगं, एकटी पडलीस-झडलीस तर कोण बघणार?"

"मी बघतो!" हे कोण बोललं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. मीच बोललो होतो! "धुळ्याला बसून बघतो! आता बिनवायरीचे कॅमेरे मिळतात. फोनवर सगळं दिसतं, बोलता येतं, कुणी अनोळखी घरात आलं तर आपोआप भोंगा वाजतो."

भाऊंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "लावा. दहाव्याला सकाळी मी सगळं रेकॉर्डिंग तपासतो. ठीक असेल तर अक्का इथे राहील. जरा जरी घोळ दिसला, तर त्याच दिवशी माझ्या गाडीत."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. आपलं घर जावयाच्या हातात गेलंय हे त्यांना कळलं होतं, आणि त्यामुळे आलेली काळजी काही केल्या चेहऱ्यावरून लपत नव्हती.

कॅमेरा मी नवव्या दिवशी लावला. जागा नानांच्या खाटेवरची खुंटी, जिच्यावर त्यांची टोपी असायची. तिथून दारही दिसतं आणि चूलही. टोपी काढताना सुनंदाला रडू फुटलं, मलाही फुटलं, आणि त्या भरात मी ड्रिलचं भोक एका ऐवजी तीन ठिकाणी पाडलं. खोलीत दारावर, म्हणजे सांत्वनाला, आलेली माणसं बसली होती. सगळी गंभीर. मी खाटेवर उभा राहून फोनवरचं चौकोनी कोड कॅमेऱ्याला दाखवायला लागलो. जवळून दाखवलं, लांबून दाखवलं, डावीकडून, उजवीकडून, गोल फिरवून.

नानांच्या थोरल्या बहिणीने, आत्याबाईंनी विचारलं, "जवाईबापू, आरती कसाले करी ऱ्हायनात?"

तेवढ्यात कॅमेऱ्यातून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "कृपया प्रतीक्षा करें!"

सगळ्यांच्या माना वर. नानांच्या खाटेवर, नानांच्या खुंटीवर, परकी बाई!

"हाई बाई कोन शे?" आत्याबाई दचकल्या.

"मशीन आहे आत्याबाई, त्या डब्यातली बाई. ती हिंदीच बोलते."

आत्याबाईंनी मान डोलावली, पण नानांच्या फोटोकडे एक संशयाची नजर टाकलीच.

मग मी कॅमेऱ्याला घरच्यांची आणि जमलेल्यांची तोंडं शिकवली. त्यासाठी लग्नाच्या अल्बममधले फोटो वापरले (केवढा मी हुशार!). त्यात भाऊंना झुपकेदार मिशा आणि भांग पाडलेले दाट केस. नानांना अग्नी देताना भाऊंनी मिशीसकट सगळं उतरवलेलं. भाऊ पाणी प्यायला आत आले, तर भोंगा! सगळ्यांच्या फोनवर सूचना: अनोळखी व्यक्ती घरात! भाऊ बाहेर गेले, भोंगा. चष्मा घ्यायला आले, भोंगा.

"माझ्याच घरात मी अनोळखी?" भाऊ कडाडले.

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "वरीसमा एकदाव येस तू. त्यानी तुले कसं ओयखावं?"

भाऊंनी मला बाजूला घेतलं. "हाच का तुमचा कॅमेरा? मला तर अक्काची गाडीतली जागा आत्ताच दिसतेय." मी भोंगा बंद केला. अक्कांनी माझ्यापुढे चहा ठेवला. त्यात साखर नव्हती. घरात सुतक होतं म्हणून, की आणखी कशाने, ते विचारायची हिंमत झाली नाही.

त्याच संध्याकाळी पिठाचा विधी होता. आमच्या सासुरवाडीत दहाव्याच्या आदल्या दिवशी, माणसाने जिथे प्राण सोडला तिथे जमिनीवर दादरचं, म्हणजे खानदेशी ज्वारीचं, पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि पिठावर बांबूची पाटी उपडी घालतात. सकाळी पाटी उचलून बघायचं. पिठावर जे पाऊल उमटलं असेल, तो जन्म त्या जिवाने घेतला. हे वाचन आत्याबाईंकडे. मागे शेजारच्या एका म्हातारबाच्या पिठात त्यांनी विंचू वाचला. तेव्हापासून त्या घरातल्या सुना चपला आपटल्याशिवाय पाय घालत नाहीत!

नानांचं काय निघणार, यावर ओट्यावर आधीच कुजबुज चालली होती. "नाना? विंचूच."

"कुत्रं बी व्हई. भुकनारं."

अक्का हे सगळं ऐकत पीठ चाळत होत्या. खाली मान घालून, सावकाश. मग सगळे पुढच्या खोलीत झोपायला गेले. मधल्या खोलीत राहिले दिवा, पाटी आणि माझा कॅमेरा.

सकाळी गिरणेवर जायच्या आधी सगळे खाटेभोवती जमले. आत्याबाईंनी पाटी उचलली. चष्मा पुसला. वाकून बघितलं. आणि त्यांचा आवाजच फुटला, "गायना पाय शे! मना भाऊ गाय व्हयना रे बा!"

खरंच! पिठावर स्पष्ट दुभंगलेलं खूर. जो तो रडायला लागला. नानांना उभ्या आयुष्यात न मिळालेली स्तुती त्या दोन मिनिटांत मिळाली. "देवमाणूस होता." "तोंडाने फटकळ, पण मनाचा गाय!" काल विंचू म्हणणारेच हे म्हणत होते.

आणि अशा वेळी माझ्यातला येडपट जागा झाला. मी हात वर करून ओरडलो, "थांबा! कॅमेऱ्यात पुरावा असेल! गाय येताना दिसेल!"

मी फोन उघडला. पहाटेची एक क्लिप होती. त्यात गाय नव्हती. अक्का होत्या.

अक्का आल्या, खाली बसल्या, पाटी उचलली. पीठ अगदी कोरं होतं. त्यांनी दोन बोटं जुळवून पिठात दाबली, मग शेजारी आणखी दोन. खूर तयार! मग तळहात त्या पिठाच्या कडेला ठेवून, एखाद्याच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवला आणि म्हणाल्या, "आते तरी गरीब व्हा हो."

मी फोन छातीशी धरला.

"दाखवा की," भाऊ म्हणाले.

"अं... नेटवर्क नाही."

"माझ्याकडे पण आहे ना ते ॲप. थांबा, मीच बघतो. नाहीतरी आज सगळं तपासायचंच आहे." भाऊ चष्मा शोधायला लागले.

भाऊंनी ही क्लिप पाहिली, तर म्हणणार, बघा, अक्काचं डोकं ठिकाणावर नाही, पहाटे उठून पिठात बोटं घालते. आणि चालल्या अक्का जळगावला! शिवाय आत्याबाईंसमोर बाईची शोभा झाली असती ती वेगळीच. मी सुनंदाचा हात धरला आणि जिना चढून गच्चीवर पळालो.

"पुसा ना आधी ते!" क्लिप बघून सुनंदा डोळे पुसत कुजबुजली. "भाऊंच्या फोनवरूनही जाईल ना?"

"जाईल, पण पुसायचं बटण कुठलं यात?" सगळी चित्रंच! एक कचऱ्याचा डबा, एक कात्री, एक वांग्यासारखं काहीतरी. मी डबा दाबायला गेलो, तो वांग्यावर बोट पडलं. दहा दिवस फरशीवर झोपून माझा घसा बसला होता, आवाज फाटका झाला होता. आणि चिडलो की माझ्या तोंडून धुळ्याची प्रमाण मराठी पळून जाते आणि आईची अहिराणी बाहेर येते. मी फोनवर खेकसलो:

"बंद व्हय ना, येडपट!"

सुनंदा माझ्या कानाशी कुजबुजली, "हळू बोला, आणि भाऊंना काय सांगायचं?"

"भाऊले काय सांगनं?" मी बोंबललो. "अक्काले आठेच राहू द्या! हाई तिनं घर शे! तिले कोठेच हालाडू नका, येडपटसहोन!"

खाली एकच किंकाळी उठली. मी फोनकडे पाहिलं. स्क्रीनवर मधली खोली दिसत होती, आणि खोलीतली यच्चयावत माणसं मान वर करून थेट माझ्याकडे बघत होती. हात जोडून!

तेव्हा मला कळलं. ते वांगं नव्हतं. तो माइक होता.

"नाना बोलनात!" आत्याबाई ओरडल्या. कुणीतरी म्हणालं, आत्याबाई, ते मशीन बोलतं. त्यावर त्या कडाडल्या, "डबामधली बाई हिंदी बोलस! हाऊ तं माणूस शे, अन आपली अहिरानी बोलस! अन येडपट दुसरं कोन म्हनी?"

या युक्तिवादापुढे कुणाचं काय चालणार? भाऊंचा फोन हातातून गळून पडला. आणि जळगावचे एवढे मोठे साहेब, वर्षातून एकदा येणारे भाऊ, खुंटीसमोर साष्टांग आडवे झाले. सरळ पिठात! तुळतुळीत डोक्याला दादरचं पीठ, आणि गायीचं खूर कायमचं साफ. "नाना, चुकलो! अक्का इथेच राहील! मी दर महिन्याला येईन!"

त्या सगळ्या गर्दीत हात न जोडलेलं एकच माणूस होतं. अक्का. पदर तोंडावर दाबून त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. हसत होत्या की रडत होत्या, ते त्या स्वस्तातल्या कॅमेऱ्यात नीट दिसलं नाही.

खाली उतरण्याआधी मी या वेळी नीट बघून डबा दाबला आणि क्लिप पुसली. गिरणेवर कावळा पहिल्या हाकेला आला. एरवी ताटकळत ठेवतो म्हणतात. नानांच्या पिंडापुढे त्यानेही नखरे केले नाहीत.

निघताना मी अक्कांच्या पाया पडायला चुलीपाशी गेलो. खरं काय ते सांगून टाकावं, असं मनात होतं. तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "जवाईबापू, त्यासनी आख्खा जलम माले 'अवं' म्हनीसन हाक मारी. 'अक्का' तुमी म्हनतस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग... मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कसाले बोलू? मना घर ऱ्हायनं ना!"

थोडा धीर आला, म्हणून मी विचारलं, "अक्का, पण गायच का?"

त्यांनी चुलीत लाकूड सरकवलं. "शिंगं तं त्यासले व्हतातच. दूध तेवढं ऱ्हायनं व्हतं."

आता अक्का त्या घरात एकट्या राहतात. कॅमेरा खुंटीवर आहे. आत्याबाई त्याला दर अमावस्येला हळदकुंकू लावून जातात, त्यामुळे मला भडगाव जरा पिवळंच दिसतं. भाऊ खरंच महिन्याला येतात आणि आल्या आल्या खुंटीपुढे उभे राहून तब्येतीची, कामाची हकीकत सांगतात. दिवसभर अक्का कॅमेऱ्यावर तीच पाटी घालून ठेवतात. धुळ्याला मी फोन उघडतो आणि बांबूची वीण बघतो. एवढा खटाटोप करून मी जगातलं एकमेव असं यंत्र बसवलंय, जे चोवीस तास पाटीच्या आतल्या बाजूची राखण करतं.

पण दिवेलागणीला पाटी निघते. अक्का नानांच्या खाटेवर बसतात आणि खुंटीकडे बघून बोलत राहतात. आज बकरू ओट्यावर आलं होतं, मी काही म्हटलं नाही. भाजीवाला लबाड झालाय. थंडी फार आहे. मी आणि सुनंदा आवाज न करता ऐकत बसतो. सुनंदा रोज रडते, मी रोज रडत नाही म्हणून सांगतो.

परवा बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. मला राहवलं नाही. मी माइकचं बटण दाबलं (आता चुकत नाही!) आणि म्हणालो, "अक्का, औषध घेतलं का?"

अक्कांनी चमकून वर पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला 'जवाईबापू'शिवाय हाक मारली नव्हती. त्या म्हणाल्या, "तू मधमा नको बोलू, येडपट! मी त्यासनासंगे बोली ऱ्हायनू."

सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. मी धुळ्याला सोफ्यावर ताठ बसलो, डोळे पुसले, बटण दाबलं आणि ओ दिली.