कमरेखाली उतरलेला झब्बा

जपानीत पँटला ‘झुबोन’ म्हणतात. इथे आखातात, लुसैलच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या जपानी बाईंनी हे मला डबा खाताना सांगितलं. शब्द मूळचा त्यांचा नाही. फ्रेंच बायकांच्या परकराच्या नावावरून तो आला असं म्हणतात, आणि फ्रेंचांकडे तो अरबांच्या जुब्ब्यापासून फिरत फिरत पोचला. म्हणजे अंगभर घालायचा जुब्बा तिकडे परकर झाला आणि जपानात पँट. मला बाबा आठवले, कारण आपला झब्बाही त्याच जुब्ब्याचा.

बाबा तेव्हा नाशिकहून आमच्याकडे अल सद्दला आले होते, व्हिजिट व्हिसावर. उभा जन्म शिंपीकामात गेला. आई गेल्यावरही त्यांनी दुकान सोडलं नाही, मागच्या खोलीत एकटेच राहायचे. मी एकुलती एक. संध्याकाळी त्यांना ही गोष्ट सांगितली तर स्वारी एकदम खूश.

“म्हणजे सगळी एकाच घरची भावंडं की! पण जपान्यांनी झब्ब्याला पार कमरेखाली उतरवलं!”

पुढचे चार दिवस त्यांनी हे शेजाऱ्यांना सांगितलं, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं आणि मलाही सांगितलं, मी पहिल्यांदाच ऐकतेय अशा थाटात. मी “हो का?” म्हणत राहिले. म्हातारी माणसं तेच तेच बोलतात, त्यात काय एवढं.

शुक्रवारी दुपारी ओळखीच्यांकडे जेवायला जायचं होतं. “यल्ला, चला बाबा, उशीर होतोय!” नवऱ्याने हाक मारली. बाबा खोलीतून बाहेर आले. झब्ब्याच्या दोन बाह्यांत दोन पाय, उरलेला झब्बा कमरेशी मुठीत धरलेला, वर नुसता बनियन. नवरा हसून हसून सोफ्यावर बसला. “आजोबा, यू आर सो फनी!” लेक ओरडली. मी तर टाळ्या वाजवल्या. बाबांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मग तेही हसले. सगळ्यांच्या शेवटी हसले.

मी त्यांना आत नेलं. लेंगा पलंगावर घडी घालून ठेवलेला होता. दार लोटलं तसं त्यांचं हसू गेलं.

“हे कुठून घालायचं असतं गं?” त्यांनी हळूच विचारलं.

डोळे मिटूनही बाही बेतणारा माणूस मला हे विचारत होता. लहान मुलाला घालतात तसा मी त्यांना झब्बा घातला, आणि वर खेकसले, “खलास, पुरे आता गंमत!” भीती वाटली की मी चिडते, हा माझा जुना दोष आहे.

खरं सांगायचं तर मला त्याच क्षणी कळलं होतं. नवऱ्याने “काय झालं?” विचारलं, तर मी “काही नाही” म्हणाले. कारण तोंडाने एकदा कबूल केलं असतं, तर बाबांना एकटं राहू देता आलं नसतं. मग एक तर मी नोकरी सोडून नाशिक गाठायचं, नाही तर त्यांचं दुकान बंद करायचं. मला यातलं काहीच नको होतं. आठवड्याने व्हिसा संपला आणि मी त्यांना विमानात बसवून दिलं.

त्यानंतर रोज सकाळी मेट्रोतून मी फोन करायची. “जेवलात का काल?” “जेवलो.” काय जेवलात, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला धजलेच नाही.

तीन महिन्यांनी दुकानाशेजारच्या काकांचा फोन आला. इस्त्री कापडावर तशीच राहिली होती, कापड पेटलं होतं, आणि बाबा बाजूला उभे राहून नुसते बघत होते. काकांनी ओढून बाहेर काढलं. उजवा तळहात भाजला होता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये दार लावून बसले. स्क्रीनवर नाशिकचे डॉक्टर, त्यांच्या शेजारी बाबा, हाताला बँडेज.

“तुमच्या हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“आत्ताच,” मी म्हणाले. “काल फोन आला तेव्हाच.”

डॉक्टर लिहून घेऊ लागले. बाबा त्यांच्याकडे वळले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, “तिला कसं कळणार हो? ती एवढ्या लांब असते.”

मी “हो” म्हटलं.