अल्सी आजीने काय मागितलं

जरा जवळ सरक गं पोरी, निदान हा कागद तरी जवळ घेऊन वाच. 'आई, बिझी आहे' म्हणून फोन ठेवून देतेस, ते काही बरं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आपण तेव्हा अमेरिकेत ऑरेगनच्या किनाऱ्यावर राहायचो, अल्सी नदी समुद्राला मिळते तिथे. तुझे बाबा कागदाच्या गिरणीत इंजिनियर. तू पहिलीत होतीस आणि वर्गात तोंड उघडत नव्हतीस. तुमच्या बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं, घरी फक्त इंग्लिश बोला, नाहीतर मुलगी त्याच वर्गात राहील. बाबांना पटलं. माझं इंग्लिश म्हणजे दुकानापुरतं. तुला भात वाढायचा तरी आधी शब्द शोधायचे, जीव नुसता धास्तावलेला.

शेजारीण अल्सी लोकांतली, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांतली. नदीला नाव त्यांचंच. ती मागच्या पायरीवर मासे साफ करत बसायची, मी शेजारी. एकदा तिला हे सगळं सांगितलं. तिने सुरी काही थांबवली नाही.

"माझ्या आजीला शाळेत हेच शिकवलं," ती म्हणाली. "आपली भाषा बोललं की मार. म्हणून तिने ती आम्हाला दिलीच नाही. हिवाळ्यात गोष्टी सांगायची, त्याही मोडक्या इंग्लिशमध्ये. शेवटच्या आजारात मात्र इंग्लिश विसरली. अल्सीत काहीतरी मागत राहायची. आम्ही पाणी दिलं, पांघरूण दिलं, खिडकी उघडली. ती नुसती मान हलवायची. ती भाषा कळणारं जवळपास कुणी उरलं नव्हतं. तिला काय हवं होतं, ते अजून कळलेलं नाही."

घरी येऊन बाबांना म्हटलं, "उद्या मी अंथरुणावर पडून पाणी मागितलं तर?"

"वॉटर म्हण."

"आणि वॉटर आठवलंच नाही तर?"

मग ते म्हणाले, "पोरगी मागे राहिली तर जबाबदारी तुझी."

घेतली. अभ्यास त्यांच्याकडे इंग्लिशमध्ये, जेवण माझ्याकडे मराठीत. तू कानांवर हात ठेवायचीस. निकाल लागेपर्यंत मला घास गोड लागला नाही. गेलीस बाई वरच्या वर्गात, आणि मराठीही टिकली.

पण तुझा लेक फोनवर 'हाय आजी' म्हणतो आणि पळतो. मला आताशा इंग्लिश शब्द लवकर सापडत नाहीत गं. सुट्टीचं बघू म्हणू नकोस. त्याला घेऊन लवकर ये, आणि राहायला ये.