वेस न ओलांडलेले सात दिवस

आई गेली त्याला पाच महिने झाले. तेरवीचं जेवण आटोपून हात पुसता पुसता एक गृहस्थ मला म्हणाले, "सर, देवानं तुमची परीक्षा घेतली आणि तुम्ही पास झालात." मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला अजून राग येतो.

मी अमरावतीच्या एका शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवतो. प्रश्नपत्रिका काढण्यातच आयुष्य गेलं. मुलाला गुणाकार येतो की नाही हे पाहायला कोणता मास्तर त्याच्या आईची अर्धी बाजू लुळी करील? असा मास्तर शाळेत निघाला असता तर पालकांनी त्याला फाटकाशीच चोपला असता. देवाच्या नावावर मात्र आपण हे खपवून घेतो, वर हात जोडतो. आणि हेच वाक्य मी स्वतः किती घरांच्या ओसरीवर बसून बोललो आहे, ते आठवलं की जीभ छाटून टाकावीशी वाटते.

मी लग्न केलं नाही. घरात आई आणि मी. तीन वर्षांपूर्वी ती अकोल्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे राहायला गेली आणि एके सकाळी न्हाणीघरात पडली. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणं शाबूत होतं. बहिणीचा फोन आला, "भरती केलं आहे. बोलते चांगली. तू ये."

मी तेव्हा मोहल्ल्यातल्या सभागृहात सात दिवसांच्या पारायणाला बसलो होतो. दुसरा दिवस होता. ते सगळं एक निवृत्त कारकून चालवतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. नियम कडक. दिवसातून एकदाच जेवण, चटईवर झोप, आणि वाचन पूर्ण होईपर्यंत गावाची वेस ओलांडायची नाही. जुन्या परकोटाच्या दरवाजांबाहेर अमरावती कधीच पसरली आहे, म्हणून काकांनी बडनेऱ्याकडचा नाका हीच वेस ठरवून टाकली होती. फोनचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सर, आता उठाल तर अर्धवट वाचनाचा दोष आईलाच लागेल. उलट आईसाठी म्हणून वाचा. संकल्प बदला."

मी संकल्प बदलला. पाणी सोडताना माझे डोळे भरून आले होते. आसपासच्यांनी पाहिलं, आणि ते पाहताहेत हे मलाही कळत होतं.

आता खरं सांगतो. काकांनी मला दोरीनं बांधलं नव्हतं. मला दवाखान्याची भीती वाटते. तो वास, त्या नळ्या, आईला उघडं पाहावं लागेल ही लाज. काकांनी मला लपायला जागा दिली आणि मी तिला श्रद्धा म्हटलं.

पाचव्या दिवशी दुपारी मात्र राहवेना. कोणाला न सांगता एसटी स्टँडवर गेलो. अकोल्याची गाडी लागली होती. "मूर्तिजापूर, अकोला! चला, चला!" मी पायरीवर एक पाय ठेवला आणि थबकलो. कंडक्टर वैतागला. "काय राजेहो, चढता का उतरता? मागं लोकं उभे आहेत."

मी उतरलो.

गाडी साडेतीनची होती. अडीच तासांचा रस्ता. सहाला पोचलो असतो. साडेसातला आईला दुसरा झटका आला आणि तिची वाचा गेली. दीड तास. हे गणित मी फळ्यावर कधी मांडलं नाही, पण मनात रोज मांडतो.

पारायण पूर्ण झालं. आई वाचली. आठव्या दिवशी अकोल्याला गेलो, दोन दिवस खाटेशी बसलो आणि शाळा आहे म्हणून परतलो. महिन्याभरानं सभागृहात अनुभव सांगण्याचा दिवस होता. आमच्याकडे ही रीत आहे. ज्याला प्रचीती आली त्यानं उभं राहून सगळ्यांना सांगायची. मी उभा राहिलो. डॉक्टरांनी आशा सोडली होती म्हणालो, जे खोटं होतं. पोथीनंच वाचवलं म्हणालो. टाळ्या झाल्या. काकांनी मला नारळ दिला.

आईचे कपडे न्यायला बहीण त्या दिवशी अमरावतीला आली होती. बायकांच्या रांगेत मागं बसून तिनं सगळं ऐकलं. घराचं कुलूप उघडलं आणि तिचं तोंडही उघडलं.

"लय टाळ्या घेतल्या रे! पोथीनं वाचवलं म्हनतो. मंग सहा दिवस तिच्या खालचं भांडं पोथीनं काढलं काय?"

"ताई, मी तिच्यासाठीच..."

"चूप. तुले मालूम आहे काय, माय रोज काय इचारत होती?"

मला वाटलं, ती माझ्यावर रागावली असेल. निदान तसं असावं अशी इच्छा होती.

"म्हने, तो एकटा आहे. एकच टाइम खाते, त्याले पित्त होते. त्याले फोन करून सांग, उपाशी नको राहू म्हना. त्या संध्याकाळी बी हेच सांगून राहिली होती. 'उपाशी' म्हनली अन् तोंड वाकडं झालं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू फोनवर इचारलं कवा? तू तं अध्याय किती झाले थेच सांगत होता."

नारळ टेबलावर तसाच पडला होता. तो फोडायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या आठवड्यात मी आईला घरी घेऊन आलो. सव्वादोन वर्षं ती माझ्याकडे होती. सकाळ-संध्याकाळ तिचं सगळं मी केलं. यात मोठेपणा नाही. बहिणीनं ते न बोलता केलं होतं, मी चिडून करत होतो. आई जेवायला फार त्रास द्यायची. ज्वारीची आंबील चमच्यानं तोंडाशी नेली की दात घट्ट मिटून घ्यायची. एकदा शाळेला उशीर होत होता. मी तिची हनुवटी जोरात धरली आणि ओरडलो, "तोंड उघड ना!" बोटांचे लाल ठसे उठले.

ती रडली नाही. चांगला होता तो डावा हात तिनं उचलला, माझं मनगट धरलं आणि चमचा वळवून माझ्या तोंडाकडे ढकलला.

मी खाल्लं. मग तिनं तोंड उघडलं.

सकाळपासून मी चहावर होतो. तिला ते कसं कळायचं, देव जाणे. त्या दिवसापासून आधी मी, मग ती, असं चाललं. मी देव सोडलेला नाही. रोज दिवा लावतो. पण देवाचं प्रेम कसं असतं ते मला त्या डाव्या हातानं शिकवलं, आणि त्या हातानं माझी कसलीच परीक्षा घेतली नाही. मी काय केलं, काय नाही केलं, हे त्यानं विचारलंच नाही.

म्हणून गेल्या महिन्यात काका म्हणाले, "सर, या सप्ताहात तुमचा तो अनुभव पुन्हा सांगा," तेव्हा मी गेलो. आणि एसटीच्या पायरीपासून हनुवटीवरच्या ठशांपर्यंत सगळं सांगितलं. काकांनी घंटा उचलली. "सर, वेळ झाली. आरती घेऊ."

"दोन मिनिटं, काका."

"अनुभव सांगा म्हटलं होतं. हे काय सांगून राहिले?"

"हाच अनुभव आहे."

पुढच्या रांगेतून एक बाई उठली. तिचा भाऊ तीन दिवसांपासून अकोल्याला भरती आहे आणि ती पारायणाला बसली आहे, हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. मग म्हणाली, "सर, मंग मी जाऊ काय?"

"ताई, चौथाच दिवस आहे तुमचा," काका म्हणाले. "मोडलं तर दोष लागते."

"मला लागू द्या," मी म्हणालो. माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता. "काका, एवढं लोकांना धरून बसवता, कधी कोणाला गाडीत बसवून दिलं?"

ते घंटा वाजवायला लागले. बाईनं पोथी मिटली, फडक्यात गुंडाळली आणि आम्ही दोघं बाहेर पडलो.

स्टँडवर मी आलूबोंडे घेतले. ती संकोचली. "एकच टाइमचं जेवण आहे, सर."

"तुम्ही तिथं चक्कर येऊन पडल्यात तर भावाला कोण पाहील? खा."

तिनं खाल्लं. मीही खाल्लं. गाडी लागली, ती चढली आणि तिच्यामागं मीही चढलो. तिकीट काढलं. नाका आला आणि गेला. तिथं एक पानठेला होता, दोन रिक्षा होत्या, बाकी काही नव्हतं.

दवाखान्याच्या दारापर्यंत तिला पोचवलं. आत जायची भीती तेव्हाही वाटत होती, पण गेलो. तिचा भाऊ उशीला टेकून बसला होता. तिला पाहून म्हणाला, "आता सुचलं काय तुले?" ती हसली, आणि मला तिथं उभं राहवेना.

तिथून बहिणीकडे गेलो. तिनं दार उघडलं आणि माझ्याकडे पाहतच राहिली.

"काहून आला रे, ना फोन ना काही?"

"जेवायला," मी म्हणालो.

ती आत गेली आणि तिनं पीठ मळायला घेतलं.