खड्यांचा डाव

येडशी स्टेशनच्या बाकावर मी जपानी चित्रांचं पुस्तक चाळत बसलो होतो. लाकडी ठशांनी छापलेली ती जुनी चित्रं मला दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांना दाखवायची होती. शेजारच्या साठीच्या बाई मान वाकवून बघत होत्या. एका चित्रात तीन बायका जमिनीवर बसून कापडाच्या इवल्या पिशव्या उडवत, झेलत होत्या.

"सागरगोट्यावानीच हाय की," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ बघून म्हणाल्या, "ह्या बायांची समदी कामं उरकलेली दिसतात."

मी नुसते रेषा आणि रंग बघत होतो. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुम्ही खेळायचा?"

"लई. लग्न झालं अन् सुटलं. येळच घावला न्हाय."

त्यांनी फलाटावरचे पाच खडे वेचले, पदराला पुसले आणि तिथंच खाली बसल्या. एकी, दुकी सहज झाली. तिकीला खडा निसटला. ओठ दाबून त्यांनी पुन्हा एकीपासून धरलं.

यावेळी तिकी पार झाली, तेवढ्यात गाडी आली. त्यांचे मालक दोन पिशव्या घेऊन लगबगीनं आले. "चल की, गाडी आली."

"एवढी चौकी होऊ द्या." त्यांनी मान वर केली नाही.

गाडी इथं दोनच मिनिटं थांबते. मी चढलो आणि दारातून बघत राहिलो. मालकांनी एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. मग पिशव्या खाली ठेवल्या.

"दुसरी हाय संध्याकाळी," असं म्हणत ते तिच्यासमोर मांडी घालून बसले.

गाडी हलली तेव्हा खडे मालकांच्या हातात होते, आणि कसे उडवायचे ते बाई त्यांना शिकवत होत्या.