आन्तिकेचे बिरदेव मास्तर

बिरदेव मास्तरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण फिलिपाइन्समधल्या आन्तिके प्रांताचा सगळा किनारा त्यांना तोंडपाठ होता. सात रस्त्याजवळच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि मी मराठी. एकाहत्तर साली एका मासिकातल्या पत्रमैत्रीच्या सदरातून त्यांना तिथली एक शिक्षिका सापडली, तेरेसिता. तेव्हापासून सोलापूरची पोरं पांदान, कुलासी, तिबियाओ, बुगासोंग अशी गावं उत्तरेकडून दक्षिणेकडे घोकू लागली. अहो, मोहोळ कुठं आहे तेवढं तरी सांगा त्यांना, म्हणून मी चेष्टा करायचो. ते हसायचे आणि पुन्हा पांदानपासून सुरू करायचे.

पत्राच्या बाबतीत त्यांचा एक कडक नेम होता. ते घरी फोडायचं नाही. वर्गात सगळ्यांसमोर फोडायचं आणि इंग्रजीचं तिथल्या तिथं मराठी करत, एक ओळ न गाळता वाचायचं. एखादा शब्द अडला तर असावा म्हणून मलाही बोलावणं यायचं.

अशानं मलाही आन्तिके कळून गेलं. लांबट, चिंचोळा प्रांत. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र, मधे भातशेतीची पट्टी. सान होसे गावात गव्हर्नर बसतो, प्रत्येक गावाला मेयर असतो, आणि बारिओ म्हणायचे त्या वस्त्यांना आता बारांगाय म्हणा असा हुकूम निघालाय. बोर्निओहून आलेल्या दहा सरदारांनी सोन्याची टोपी देऊन किनाऱ्यालगतची जमीन घेतली, अशी तिथली दंतकथा. मग तीनशे वर्षं स्पेन, नंतर अमेरिका, महायुद्धात जपान. सध्या मार्शल लॉ. या शब्दाला मात्र आमची पोरं बिचकली नाहीत. त्यांच्या आजोबांनी तो तीस साली सोलापुरातच भोगला होता.

शहात्तरच्या डिसेंबरात एक पत्र आलं. नेमकी त्याच दिवशी सांगोल्याकडची एक बाई मास्तरांना भेटायला शाळेत आली. हातात भाकरीचं गाठोडं. हेडमास्तरांनी चौकशी केली तेव्हा मास्तर म्हणाले, गावाकडची आहे, ओळखीतली. नाक दोघांचं एकच होतं, आंधळ्यालाही कळलं असतं. मला मास्तरांचा मनस्वी राग आला. बाई वर्गाच्या दाराशी जाऊन बसली.

मास्तरांनी पत्र फोडलं. "तुमच्या जिल्ह्यात कुणालाच पोटासाठी गाव सोडावं लागत नाही, असं तुम्ही लिहिलंत. वाचून हेवा वाटला," ते वाचू लागले आणि त्यांचा आवाज उतरला. भीमा, सीना, गिरण्या, चादरी असं कौतुक लिहिता लिहिता त्यांनी ती थाप ठोकून दिली असणार. "आमची माणसं दर हंगामाला बोटीनं निग्रोस बेटावर ऊस तोडायला जातात. माझा थोरला भाऊ वीस वर्षं जातो आहे. त्याच्या कोयत्यावर मी शिकले."

मास्तर थांबले. आता पुढचं गाळणार, असं मला वाटलं. पण ते पत्र टेबलावर ठेवून दाराशी गेले.

"ही बाळाबाई, माझी थोरली बहीण," ते वर्गाला म्हणाले. "आई गेल्यावर पंधरा वर्षं हिनं अकलूजकडं ऊस तोडला. मी कॉलेजात शिकत होतो आणि ही पाचटाच्या खोपटात राहत होती. पत्रात मी खोटं लिहिलं. आज सकाळी त्याहून मोठं खोटं बोललो."

माझा राग कुठल्या कुठं गेला.

बाळाबाईनं पदर सावरला. भावाच्या डोळ्यांतल्या पाण्याकडं तिनं लक्ष दिलं नाही. पत्राकडं बोट करून तिनं विचारलं, "त्या बाईनं भावाचं नाव लिवलंय का हितं?"

मास्तरांनी पत्र उचलून पाहिलं. "व्हय, आक्का. रोमुलो."

"मग तू बी माझं घाल की."